कुडाळच्या वाटेवरचे मुक्काम

कुडाळ हे पूर्वापार वाटांच्या सांध्यावरचे गाव. भंगसाळ नदीच्या काठावरून एक वाट पश्चिमेला मालवण बंदराकडे जाते, दुसरी दक्षिणेला वेंगुर्ल्याला, तिसरी सावंतवाडीवरून आंबोलीच्या घाटाला लागते आणि चौथी कणकवली, राजापूर करत उत्तरेला जाते. आदिलशाहीत हे महत्त्वाचे ठाणे होते आणि १६६४ साली शिवाजी महाराजांची आदिलशाही सरदार खवासखानाशी गाठ याच मुलखात पडली. गावातली घोडेबाव, म्हणजे घोड्यांना पाण्यापर्यंत उतरता येईल अशी वाट असलेली विहीर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या जनावरांचीही इथे सोय पाहावी लागत होती हे सांगते. देसाई, सावंत आणि लढाया यांच्या अंगाने कुडाळचा इतिहास सांगितला जातो. वाटसरू रात्री कुठे टेकला, काय शिजवून जेवला, कोणाला आसरा मिळाला आणि कोणाला नाही, हा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला आहे. आज पाठीवर पिशवी टाकून येणारा तरुण ज्याला ‘हॉस्टेल’ म्हणतो, त्या सामाईक मुक्कामाची मुळे या तुकड्यांत सापडतात.

रस्ते नव्हते तेव्हा माल बैलांच्या पाठीवरून जाई. किनाऱ्यावरून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी घाटावर चढे. घाटावरून धान्य, गूळ, मिरची खाली उतरे. लादलेला बैल दिवसभरात जेवढे चालेल तेवढ्यावर मुक्काम ठरे. मुक्कामाला लागे ते थोडके: पाणी, सावली, जनावरे बांधायला सपाट जागा आणि जवळ एखादे देऊळ. देवळाचा सभामंडप हीच कोकणातली सर्वांत जुनी निवाऱ्याची जागा. चारी बाजू मोकळ्या, वर कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाऊस आत येई, तरी डोक्यावर छप्पर असे आणि देवापुढे रात्रभर तेवणारा दिवा असे.

धर्मशाळा ही त्यापुढची पायरी. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे जोते, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू उघडी, आत एक लांब ओटा. खाट नाही, दार नाही, कुलूप नाही. वाटसरूने घोंगडे स्वतःचे आणायचे, भांडे स्वतःचे, शिधाही स्वतःचाच. बाहेर तीन धोंड्यांची चूल मांडून भात शिजवायचा, निघताना राख सारून जागा झाडायची. अशा ठिकाणी दोनतीन दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असाही दंडक असे, कारण मागून येणाऱ्याचा हक्क तेवढाच. पैसा लागत नसे, पण राहण्याची रीत पाळावी लागे. गावकरी, व्यापारी, संस्थानिक, देवस्थाने या सगळ्यांनी पुण्यकर्म म्हणून धर्मशाळा बांधल्या. इंग्रजी अमलात लोकल फंडाच्या पैशातूनही त्या उभ्या राहिल्या. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या गॅझेटियरने घाट, बंदरे आणि रस्ते यांच्याबरोबर वाटसरूंच्या या निवाऱ्यांचीही दखल घेतली, इतका त्यांचा दळणवळणाशी संबंध होता.

सरकारने या जागांकडे पुण्यकर्म म्हणून पाहिले नाही. १८६७ च्या सराया कायद्याने प्रवाशांच्या निवाऱ्याची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक केले. खोल्या, ओसऱ्या, विहिरी व गटारे साफ ठेवणे, आजूबाजूची झाडोरा-घाण काढणे, राखणदार नेमणे, दरपत्रक लावणे आणि मागितल्यास मुक्कामाला उतरलेल्यांची खबर देणे, अशी कामे चालकावर आली. आजच्या लॉजवर ओळखपत्र मागतात, वहीत नाव लिहून घेतात, परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत कळवतात, त्यामागची दृष्टी तेव्हापासूनची आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आल्यावर ती अधिक कडक झाली. चाकरमानी बोटींनी कोकणात परतू लागले आणि बंदरावर उतरणारा माणूस तपासणीचा विषय झाला.

साहेबांची सोय निराळी होती. ठरावीक अंतरावर बंगले, त्यात खाट, टेबल, न्हाणीघर आणि खानसामा. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याला पहिला हक्क, इतरांना जागा उरली तर. वेंगुर्ल्याच्या टेकडीवरचा सागर बंगला आणि आंबोलीचे बंगले त्याच घडणीचे. आंबोलीला थंड हवेचे ठिकाण म्हणून वाढवण्याचे श्रेय पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप याला दिले जाते. पुढे या बंगल्यांचीच शासकीय विश्रामगृहे झाली आणि हक्काचा तो क्रमही त्यांच्याबरोबर टिकला.

धर्मशाळा सर्वांसाठी होती, असे सरसकट लिहिले जाते. ते खरे नाही. सभामंडपात कोण झोपू शकतो, विहिरीवर कोण पोहरा सोडू शकतो, चूल कोणाच्या चुलीपासून किती अंतरावर मांडायची, हे सारे जात ठरवी. अस्पृश्य मानलेल्या माणसाला धर्मशाळेच्या जोत्यावर पाय ठेवता येत नसे. तो आपल्या जातीच्या वस्तीत सोयरा शोधी, नाही तर झाडाखाली रात्र काढी. शिक्षणाने आणि पदाने यात फरक पडत नव्हता. १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोणत्याही हॉटेलात जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले आणि ओळख उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. मूळ कोकणातल्या घराण्याच्या या माणसाचा तो अनुभव प्रवासी निवासाच्या इतिहासाच्या मध्यभागी ठेवला पाहिजे.

त्यानंतर सहा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. १९२७ चा महाडचा सत्याग्रह या ठरावाच्या आधारावर उभा राहिला, म्हणून पाणवठ्यांचा भाग सर्वांना ठाऊक आहे. धर्मशाळांचा उल्लेख मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. कुडाळच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मालवण आणि वेंगुर्ले ब्रिटिश मुलखात होते, तर कुडाळ सावंतवाडी संस्थानात. त्यामुळे मुंबईच्या कौन्सिलातला ठराव कागदावर बंदराच्या गावांना लागू होता, पण कुडाळच्या हद्दीत नव्हता. एका दिवसाच्या चालीत वाटसरूचा कायदा बदले. संस्थान १९४८ साली विलीन झाले, १९५० साली संविधान आले आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांची नावे घेऊन भेदभावाला गुन्हा ठरवले.

कायद्याआधी काही माणसांनी स्वतःच्या बळावर हे काम केले. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. कुडाळच्या शेजारी कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम सुरू केला आणि भंगीकाम माणसाच्या डोक्यावरून उतरावे म्हणून संडासाची नवी, साधी रचना घडवली. धर्मशाळेच्या वर्णनांत संडासाचा उल्लेखच नसतो, कारण तो नसेच. आज कुठेही उतरणारा प्रवासी आधी तेच विचारतो, तेव्हा ती सोय सार्वजनिक जागी येण्यामागे अप्पासाहेबांसारख्यांचे आयुष्य गेले आहे हे त्याला माहीत असणे बरे.

या मुलखातले खरे सराईत प्रवासी मात्र व्यापारी नव्हते आणि यात्रेकरूही नव्हते. ते होते दशावतारी. वालावल, चेंदवण, मोचेमाड, आजगाव अशा गावांच्या नावाने ओळखली जाणारी नाटकमंडळे दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की बाहेर पडत ती पाऊस जवळ येईपर्यंत. आज एक गाव, उद्या दुसरे. गाड्या नव्हत्या तेव्हा पोशाख, मुकुट, शस्त्रे यांचा पेटारा डोक्यावर घेऊन कलावंत डोंगर आणि व्हाळ ओलांडत. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यांच्यावरूनच पडली. गावात पोचल्यावर देवळाजवळच्या धर्मशाळेत, शाळेत किंवा एखाद्या घराच्या पडवीत बिऱ्हाड लागे. पहिल्यांदा पेटारा मांडून त्याची पूजा होई, मग चूल पेटे. देवस्थानाकडून शिधा येई, मंडळी स्वतः रांधत. रात्रभर नाटक आणि दिवसा झोप, म्हणजे इतर प्रवाशांच्या नेमका उलट दिनक्रम. झोपायची जागाही ठरलेली असे आणि नव्या पोऱ्याने पाणी भरावे, जागा झाडावी हा शिरस्ता असे. सामाईक जागेत राहण्याचे एवढे काटेकोर शास्त्र दुसऱ्या कोणत्या लोककलेने जपले असेल असे वाटत नाही.

कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत याच वाटांवरून फिरले. चित्रकथीच्या पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या घेऊन ते मानाच्या गावांत जात आणि देवळात खेळ करत. सावंतवाडीच्या राजांनी त्यांना आश्रय दिला होता. पिंगुळीतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. त्यांच्या वस्तीत आता कलेचे संग्रहालय आहे आणि एकेकाळी दुसऱ्यांच्या गावात उतरणारे हे कलावंत स्वतःच्या अंगणात पाहुण्यांचे स्वागत करतात.

कुडाळ तालुक्यातल्या माणगावात १८५४ साली जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, संन्यास घेतल्यावर देशभर पायी फिरले आणि चातुर्मासापुरते एका जागी थांबले. त्यांच्यामुळे माणगाव दत्तभक्तांचे ठिकाण झाले. पिंगुळीला राऊळ महाराजांच्या मठाकडेही भक्तांची रीघ असते. भक्तनिवास ही या गर्दीची गरज. धर्मशाळेची बरीच रीत त्यात उतरली आहे: नाममात्र देणगी, सतरंजी किंवा गादी, ठरल्या वेळी महाप्रसाद, मांसाहार व मद्य वर्ज्य, रात्री लवकर दार बंद. काटकसरीने फिरणाऱ्या माणसाला कोकणात आजही इतकी स्वच्छ आणि निर्धोक जागा क्वचित मिळते. मात्र ती भक्तांसाठी आहे, हे ध्यानात ठेवूनच तिथे राहावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी आल्या आणि मुक्काम बंदरांकडे सरकला. मुंबईहून निघालेली बोट देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याला येई. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना होडीतून किनाऱ्यावर आणले जाई. तिथून कुडाळ गाठायचे तर बैलगाडी किंवा पाय. बोटीची वेळ समुद्रावर अवलंबून, त्यामुळे रात्र बंदरावर काढावी लागे. बंदराच्या गावांतल्या खाणावळी यावर वाढल्या. पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद आणि खाणावळींच्या चुलीही थंड. पुढे ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी ही वाहतूक सांभाळली. रस्ता सुधारला तशी ती मागे पडली आणि बंद झाली.

याच बोटींतून कुडाळ-मालवणची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि तिथे त्यांनी जी निवासव्यवस्था उभी केली, ती जगातल्या कोणत्याही हॉस्टेलच्या तोडीची होती. लालबाग, परळ, गिरगाव भागात गावाने मिळून एक खोली घ्यायची. तिला गावकीची खोली किंवा मंडळाची खोली म्हणत. दहा बाय बाराच्या खोलीत वीसपंचवीस माणसे राहत, कारण गिरणी पाळ्यांत चाले आणि एक पाळी कामावर असताना दुसरी झोपलेली असे. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, भिंतीवर एक खिळा, एक वळकटी. भाडे सर्वांत वाटून. उन्हाळ्यात निम्मे लोक चाळीच्या गॅलरीत किंवा फुटपाथवर झोपत. गावाहून नवा पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून पैसे घेत नसत. नियम मोडला तर बैठकीत जाब द्यावा लागे. जेवण खाणावळीत, बहुतेक वेळा गिरणी कामगाराच्या बायकोने किंवा विधवेने घरात चालवलेल्या. या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी धोबीतलाव आणि माझगाव भागात चालवलेली ‘कूड’ हीच व्यवस्था अधिक बांधीव रूपात दाखवते: गावाच्या नावाचा क्लब, पेट्यांची रांग, रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, गावच्या संताचा सण. बोटीवर नोकरी करणारे खलाशी दोन सफरींमध्ये तिथे उतरत. गावकीच्या बहुतेक खोल्या गिरण्यांबरोबर गेल्या. काही कूड अजून आहेत.

ही व्यवस्था पुरुषांची होती आणि एका गावाची, बहुधा एका जातीची होती. तिची माया आणि तिची मर्यादा दोन्ही त्यातच होत्या.

कुडाळात परत आल्यावर दिसते एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सुरू झालेली ही सेवा कोकणात पसरली तेव्हा शेवटची गाडी गावात थांबून पहाटे परत निघे. तिला वस्तीची गाडी म्हणतात. चालक आणि वाहक देवळात, ग्रामपंचायतीत किंवा गाडीतच झोपतात आणि अनेक गावांत कोणीतरी त्यांना जेवण, अंथरूण, पहाटेचा चहा देते. तालुक्याच्या गावी स्टँडभोवती ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ च्या पाट्या लागल्या. कचेरीच्या कामाला आलेले पक्षकार, औषधविक्रेते, बदली होऊन आलेले शिक्षक हे त्यांचे गिऱ्हाईक. लोखंडी पलंग, पंखा, सकाळी बादलीभर गरम पाणी. ‘कॉट बेसिस’ म्हणजे खोलीऐवजी फक्त खाट भाड्याने घेण्याची पद्धत इथे चांगलीच रुळलेली होती. हॉस्टेलमधला ‘बेड’ हा त्याहून वेगळा प्रकार नाही.

युरोपात या कल्पनेला जे रूप मिळाले ते एका शाळामास्तरामुळे. रिखार्ड शिरमान हा जर्मन शिक्षक १९०९ साली मुलांना पायी सहलीला घेऊन गेला असता वादळात सापडला आणि एका शाळेत गवत पसरून त्यांनी रात्र काढली. सुटीत रिकाम्या असणाऱ्या शाळांत मुलांची सोय का करू नये, हा विचार त्याला तिथे सुचला. १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह उघडले आणि १९३२ साली आंतरराष्ट्रीय संघटना झाली. मोठी सामाईक खोली, स्वतःचे अंथरूण, स्वतः केलेली साफसफाई, रात्री ठरल्या वेळी दिवे बंद. दशावताऱ्यांच्या बिऱ्हाडाला यातले काही नवे वाटले नसते. स्वतंत्र भारतात युथ हॉस्टेल्स असोसिएशनने हे लोण पसरवले. कुडाळच्या दक्षिणेला पणजीत मिरामारचे युथ हॉस्टेल तरुण प्रवाशांच्या परिचयाचे आहे. खासगी हॉस्टेलांची साखळी आली ती २०१३ साली सुरू झालेल्या झॉस्टेलपासून.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर कुडाळ स्टेशन मालवण, तारकर्ली, देवबागकडे जाणाऱ्यांचे उतरण्याचे ठिकाण झाले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी व निवास योजनेमुळे घरातल्या दोनचार खोल्या पाहुण्यांना देणे हा अनेक कुटुंबांचा, विशेषतः बायकांचा, रीतसर व्यवसाय झाला. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला. पूर्वी पडवीत उतरणारा पाहुणा फुकट जेवे आणि परतफेड म्हणून कधीतरी त्याच्या पडवीत उतरता येई. आता ताटाचा दर ठरलेला असतो. यात खेद करण्यासारखे काही नाही. दर ठरला म्हणूनच अनोळखी माणूस, एकटी बाई, कुठल्याही जातीधर्माचा तरुण हक्काने जागा मागू शकतो. जुन्या आदरातिथ्याला हे जमले नव्हते.

किनाऱ्यावर सामाईक खोलीतली खाट देणारी ठिकाणे आता दिसू लागली आहेत. तिथे येणाऱ्याने काय अपेक्षा धरावी हे मागच्या इतिहासावरूनच कळते. एका खोलीत सहाआठ खाटा, काही ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळी खोली, सामानासाठी कपाट असते. कुलूप स्वतःचे आणावे, चादर आणि पातळ पांघरूणही. न्हाणीघर सामाईक असते आणि विहिरीचे पाणी मार्च ते मे या काळात जपून वापरावे लागते. स्वयंपाकघर असले तर भांडी घासून ठेवणे हा नियम आहे. ओळखपत्र दाखवावे लागते. घरगुती निवासात मासळीचे जेवण हवे असेल तर सकाळीच सांगावे, कारण बाजार सकाळीच होतो. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, पण भाडी उतरलेली असतात आणि मुलूख हिरवागार असतो. गणपतीत चाकरमानी परततात. तेव्हा रेल्वे, एसटी, खोल्या सर्व भरलेले. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस पंचांगावरून काढता येत नाही. देवीच्या कौलाने तो ठरतो आणि जाहीर झाला की आसपासच्या गावांत खाट मिळत नाही. कुडाळहून मालवणला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे स्टेशनवर उतरण्याआधी विचारून घ्यावे. ती चुकली तर रात्र कुडाळात काढावी, स्टँडजवळ लॉज आहेत.